खोक्यातला पहिला प्रश्न

फोनच्या कारखान्यात तिला चिमटी म्हणत. खरं नाव हजेरीच्या कार्डावर होतं, पण ते कार्ड फक्त दरवाजा वाचायचा. चिमटी हे नाव पडलं तिच्या बोटांवरून. सीलबंद खोक्यावरची पट्टी उचलायचं काम पॅकिंगच्या हॉलमध्ये शंभरेक बायका करत, पण पट्टी निघाल्यावर पुठ्ठ्यावर एकही पांढरा ओरखडा नाही, असं फक्त चौदा नंबरच्या टेबलावर व्हायचं. आधी गरम हवेची एक फुंकर, मग नखाने कोपरा उचलायचा, मग प्लास्टिकची पातळ पात आत सरकवायची आणि श्वास धरून हळूच ओढायची.

"ही दुधावरची साय उचलून शेजारच्या भांड्यावर घालेल आणि दुधाला कळणारसुद्धा नाही," असं पंधरा नंबरवरची तिची मैत्रीण म्हणायची. या मैत्रिणीचं तोंड दिवसभर चालू असे, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत.

हीच कला पुढे चिमटीच्या गळ्याशी आली.

झालं असं, की कारखान्याच्या मालक कंपनीचं आणि शोधयंत्र चालवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं बिनसलं. फोन सुरू केला की वर एक पांढरी पट्टी दिसते, तिच्यात आपण काही लिहिलं की उत्तर येतं. ते उत्तर कोणी द्यायचं, यावरून हे भांडण. इतकी वर्षं एक कंपनी देत होती. आता तिची वैरीण असलेली दुसरी कंपनी पुढे आली, आणि वरच्या लोकांनी एका सकाळी ठरवलं की यापुढे आपल्या फोनवर हीच बोलेल. नव्या फोनचं सोपं होतं. पण गोदामात दीड लाख फोन सीलबंद होऊन जहाजाची वाट बघत उभे होते, आणि त्या सगळ्यांच्या पोटात जुनीच होती.

म्हणजे दीड लाख खोकी उघडायची. फोन काढायचा, चालू करायचा, पट्टीत ठरलेले शब्द लिहून जुनी कंपनी उत्तर देते आहे याची खात्री करायची आणि तक्त्यात 'आधी' या रकान्यात खूण करायची. मग केबल जोडून नवं सॉफ्टवेअर भरायचं, पुन्हा तेच शब्द लिहायचे, नवी उत्तर देते आहे हे बघून 'नंतर' या रकान्यात खूण. मग लिहिलेलं सगळं पुसायचं, फोन बंद करून होता तसा ठेवायचा आणि वर नवी पट्टी. घेणाऱ्याला वाटलं पाहिजे की या खोक्याला आपल्याआधी कोणाचं बोटसुद्धा लागलेलं नाही.

"एका नवऱ्याच्या दोन बायका," रेडिओने पहिल्याच दिवशी जाहीर केलं. "जुनीला काढा, नवीला बसवा. आणि गादी कोणी झटकायची, तर आपण."

सुपरवायझर साहेब समोरून चालले होते. "रेडिओचा कार्यक्रम वेळेत संपला तर बरं होईल," ते म्हणाले.

"साहेब, संपवणं तुमच्याच हातात आहे. बारा तास चालवता."

साहेब हसले नाहीत, पण चिडलेही नाहीत. साहेबांना बायकांनी खिसा असं नाव ठेवलं होतं. कोणीही रजेचा अर्ज दिला की साहेब तो वाचत, "बघतो हं, ताई," म्हणत, त्याची चौघडी करत आणि शर्टाच्या खिशात घालत. त्या खिशातून आजवर एकही अर्ज परत आलेला कोणी पाहिला नव्हता. महिन्याच्या शेवटी तो खिसा फुगून पोटासारखा दिसायचा.

चिमटीचा अर्ज मात्र मंजूर झाला होता. म्हणजे भांडणाच्या आधी झाला होता. गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, मुलांच्या सरकारी इस्पितळात. ती तारीख सात आठवडे वाट बघून मिळालेली. ती चुकली की पुन्हा रांगेच्या शेपटाला. पण दीड लाख खोक्यांचा हुकूम आला त्याच दिवशी नोटीस लागली, की काम पुरं होईपर्यंत सगळ्यांच्या सगळ्या रजा रद्द.

तारीख होती तिच्या मुलीसाठी. मुलीला घरात बिट्टी म्हणत, वय आठ. बिट्टीला झालेलं काय, हे सांगणंच कठीण होतं. ताप नाही, खोकला नाही, खेळायला पुढे. फक्त मध्येच थांबायची. घास तोंडाकडे नेता नेता हात हवेत राहायचा. पापण्या किंचित फडफडायच्या. डोळे उघडे, पण आत कोणी नाही. चिमटी मनात आकडे मोजायची. सहा, सात, आठ, कधी नऊ. मग हात पुढे निघायचा, घास तोंडात जायचा, आणि अर्धं राहिलेलं वाक्य पुढच्या शब्दापासून सुरू व्हायचं. मधले नऊ आकडे बिट्टीच्या लेखी झालेच नव्हते. धडा मोठ्याने वाचताना ती एखादी ओळ गाळायची आणि बाईंनी टोकलं की रडवेली व्हायची, "मी वाचली ना." वहीत बाईंचा शेरा होता, 'वर्गात लक्ष नसते.'

घरात त्या तिघीच. बिट्टीचे बाबा जहाजावर स्वयंपाकी, दोन-दोन महिने फोन नाही. चिमटी सकाळी साडेसातला निघायची ती रात्री साडेआठला परत. दिवसभर बिट्टी आणि सासूबाई.

सासूबाईंचं मत पक्कं होतं. "त्यात काय एवढं? तिचा बाप तसाच होता. भिंतीकडे टक लावून बसायचा. मी म्हणायचे, भिंतीला भोक पडेल. आज शंभर माणसांना रांधून घालतो ना?"

"आई, हाक मारली तरी ऐकू येत नाही तिला."

"मला तरी कुठे येतं? मला नेतेस का इस्पितळात?"

सासूबाईंच्या हातात चिमटीच्याच कारखान्यात झालेला फोन होता. अक्षरं दिसत नसत म्हणून त्या बटण दाबून बोलायच्या आणि फोन बोलून उत्तर द्यायचा. आवाज बाईचा, म्हणून त्या तिला बाईच म्हणत. "बाई, उद्या ऊन आहे का?" "बाई, पाय सुजला तर काय करावं?" एकदा त्यांनी बिट्टीचंही विचारलं. बाई म्हणाली, मुलं तंद्रीत जातात, वयाप्रमाणे जातं, घाबरण्याचं कारण नाही. तेव्हापासून हा विषय त्यांच्या दृष्टीने संपला. "डॉक्टर सात आठवड्यांनी भेटणार. ही बाई सात सेकंदांत भेटते. आणि तोंड वाकडं करून बोलत नाही."

रजा रद्द झाली त्या दिवशी चिमटी हॉलमध्ये बसली होती आणि डोक्यात एकच प्रश्न भुंग्यासारखा फिरत होता. गुरुवार चुकवला तर चालेल का? आणखी दोन महिने थांबलं तर काही बिघडेल का? विचारणार कोणाला? स्वतःचा फोन गेटवरच्या कपाटात कुलूपबंद. आत आणायची बंदी. हॉलला खिडकी नाही. दरवाजा कार्डाने उघडतो, पण पाळी संपल्याशिवाय तेच कार्ड लाल दिवा दाखवतं. समोर मात्र फोनच फोन, एका वेळी बारा, सगळे चालू, सगळ्यांच्या कपाळावर ती पांढरी पट्टी, 'काय शोधायचं आहे?'

पट्टीत लिहायचे ठरलेले शब्द होते 'एक दोन तीन'. चिमटीने लिहिलं, 'आठ वर्षांची मुलगी बोलता बोलता थांबते हाक ऐकू येत नाही परत बोलू लागते'.

जुनीने उत्तर दिलं. सासूबाईंना दिलेलं तेच, शब्दाला शब्द. घाबरण्याचं कारण नाही. तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. तिने 'आधी'च्या रकान्यात खूण केली, केबल जोडली, नवं भरलं आणि ठरल्याप्रमाणे पुन्हा तेच लिहिलं.

नवी म्हणाली, हाक मारून, हात लावूनही मूल भानावर येत नसेल, तर ही नुसती तंद्री नसू शकते. फिटचा एक प्रकार असा शांत असतो. शक्य झाल्यास व्हिडिओ काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. उशीर करू नका.

तोच फोन. तेच बोट. मध्ये फक्त अकरा मिनिटं गेली होती.

तिने सगळं पुसलं, फोन बंद केला, पट्टी लावली. दुसऱ्या फोनवर पुन्हा लिहिलं. पुन्हा आधी काही नाही, नंतर उशीर करू नका. तिसऱ्यावर तेच. पाळी संपेपर्यंत एकशे चाळीस वेळा तिला धीर मिळाला आणि एकशे चाळीस वेळा तो काढून घेतला गेला. घरात बसलेल्या माणसाला फोन एकच उत्तर देतो, आणि माणूस त्या उत्तराला धरून झोपी जातो. तिच्या नशिबी दोन्ही आली.

"काय गं, ओठ का हलतायत तुझे?" रेडिओने विचारलं.

"कुठे काय."

"जुनीला शिव्या देतेस की नवीला?"

"दोघींना."

कळून चुकलं तरी ती लिहीतच राहिली. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. कधी वाटायचं, एखाद्या फोनवर दोघी एकच काहीतरी सांगतील. दात दुखत असला की जीभ सारखी तिथेच जाते, तसं झालं होतं.

आणि मग जे व्हायचं ते झालं. नवव्या दिवशी साहेबांनी तिला हॉलच्या कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीत बोलावलं. टेबलावर एक खोकं उघडं पडलं होतं. तपासणीवाले रोज शंभरात एक खोकं मुद्दाम उघडून बघत. साहेबांनी फोन तिच्यासमोर धरला. पट्टीला बोट लावलं की खाली आधीचे शोध दिसतात. नव्याकोऱ्या फोनमध्ये एक शोध होता. आठ वर्षांची मुलगी बोलता बोलता थांबते.

पुसायचं राहून गेलं होतं. कोणत्या क्षणी राहिलं, ते तिला आता आठवून सांगता येईना.

"चौदा नंबरचं टेबल," साहेब म्हणाले. "ताई, हे एखाद्याच्या घरी गेलं असतं. माणूस नवा फोन उघडतो, आणि आत हे. त्याला काय वाटेल?"

"चूक झाली, साहेब."

"तुमची मुलगी?"

तिने मान हलवली. साहेबांनी फोन पालथा ठेवला. मग त्यांनी तिचा तक्ता ओढला आणि नावापुढे लाल खूण केली.

"ही मला करावीच लागते. तपासणीवाल्याने बघितलंय. दुसरी पडली की पक्क्या यादीतून नाव जातं, तुम्हाला माहीत आहे. किती दिवस राहिले तुमचे?"

"चोवीस."

अकरा महिने ती कंत्राटावर होती. आणखी चोवीस दिवसांनी पक्की होणार होती. पक्की झाली की घरातल्या सगळ्यांचा औषधपाण्याचा विमा कंपनीकडून. गल्लीतल्या डॉक्टरने चिठ्ठी लिहून देतानाच सांगितलं होतं, मेंदूच्या तपासण्या लागल्या तर एकदाच करून भागत नाही. म्हणजे मुलीला दाखवायला गुरुवारी न सांगता घरी राहावं, तर पुढच्या तपासण्यांचा आधार जातो. आणि आधार टिकवायला कामावर यावं, तर दाखवायचंच राहतं. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधल्या काठावर बारा फोन.

"साहेब, गुरुवारची माझी रजा. आधी मंजूर होती."

"खोकी बुधवारपर्यंत संपली, तर गुरुवारी मी स्वतः सही करतो. शब्द देतो. चिमटीच्या हाताला अशक्य आहे का?"

तिने दुसरा अर्ज लिहिला. साहेबांनी वाचला, चौघडी केली, खिशात घातला.

त्या दिवसापासून तिने पट्टीत फक्त एक दोन तीन लिहिलं. आणि बोटं अशी चालवली की रेडिओसुद्धा गप्प बसली. जेवणाच्या सुट्टीत ती उभ्यानेच चार घास गिळून परत यायची. गोदामातला खोक्यांचा डोंगर खाली येऊ लागला. सोमवारी मागची भिंत दिसली. मंगळवारी फरशी. बुधवारी, पावणेसहाच्या सुमाराला, शेवटची गाडी हॉलमध्ये आली आणि रिकामी होऊन परत गेली. बायकांनी टाळ्या वाजवल्या. रेडिओने चिमटीचा हात वर धरून सगळ्यांना दाखवला. "या बोटांचा पुतळा करा," ती म्हणाली, "मधल्या बोटाला तेवढं झाका."

चिमटी सरळ काचेच्या खोलीत गेली. साहेबांनी खिशातून अर्ज काढला. कधी नव्हे तो कागद बाहेर आला, उलगडला गेला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि टेबलावरचा फोन वाजला.

ते फक्त ऐकत होते. "हो, सर," म्हणाले. मग, "सगळे?" म्हणाले. मग पुन्हा "हो, सर."

फोन ठेवून त्यांनी पेनाला टोपण घातलं.

"जुळलं त्यांचं," ते म्हणाले.

"कोणाचं?"

"वरच्यांचं. जुन्या कंपनीने हात पुढे केला. नवीला काढायचं, जुनीला परत बसवायचं. सगळे दीड लाख. उद्या सकाळपासून."

चिमटीला हसू आलं. रेड्यांची टक्कर आणि झाडावर काळ, असं तिची आजी म्हणायची. पण इथे रेड्यांची टक्कर संपली, रेडे गळ्यात गळा घालून निघाले, तरी काळ झाडावरच.

"साहेब, शब्द दिला होता तुम्ही."

साहेब त्या कागदाच्या घड्या घालत होते, जुन्याच घड्यांवर. "ताई, माझं कार्डसुद्धा आठलाच हिरवं होतं," ते म्हणाले. "मी काय बाहेर उभा आहे का?"

घरी पोचली तेव्हा बिट्टी पाढे लिहीत होती आणि सासूबाई फोन मांडीवर पालथा घालून बसल्या होत्या. चेहरा असा, की कोणीतरी चोरी पकडलीय.

"बाई बदलली माझी," सासूबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"चार दिवस झाले, आवाज तोच पण बोलणं वेगळं. आधीची गोड होती. ही हेडमास्तरीण आहे. गुडघ्याचं विचारलं तर वजन कमी करा म्हणते." त्यांनी बिट्टीकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "आज दुपारी सहज विचारलं तिला. बिट्टीचं. म्हटलं, बघू ही काय म्हणते."

चिमटीने चपलाही काढल्या नव्हत्या. कारखाना गोदामातले फोन उघडून बदलत होता. घराघरांतले फोन त्याने दुरूनच बदलले होते. हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मग?"

"म्हणाली, व्हिडिओ काढा." सासूबाईंनी फोन तिच्या हातात दिला. "मी काढला. जेवताना."

चौदा सेकंदांचा व्हिडिओ. पहिले चार सेकंद सासूबाईंचा अंगठा. मग ताट, मग बिट्टी. चमचा हवेत. पापण्यांची ती फडफड. सासूबाईंचा आवाज, "बिट्टे. ए बिट्टे. अगं." मग पडद्यावर एक सुरकुतलेला हात आला, बिट्टीच्या गालाला लागला, गालावरून खांद्यावर गेला. बिट्टी तशीच. मग चमचा तोंडात गेला आणि बिट्टी म्हणाली, "आजी, हात काढ ना, जेवतेय."

"मी तिला इतकी वर्षं तंद्री तंद्री म्हणत आले," सासूबाई म्हणाल्या. डोळे पदराने पुसले आणि लगेच खेकसल्या, "चपला काढ आधी. घरभर माती."

चिमटीने कारखान्यातली बातमी सांगितली. सासूबाई ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "मी नेते उद्या. दोन गाड्या बदलायच्या ना? पाय दुखतात, मोडलेले नाहीत."

जेवण झाल्यावर चिमटीने वहीच्या मधल्या पानावर बोटभर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. केव्हापासून, दिवसातून किती वेळा, किती सेकंद, हाक ऐकू येते का, पडते का. सासूबाईंनी ते हात लांब धरून दोनदा वाचलं.

"आणि आई, एक ऐका. तिथे खूप वेळ बसावं लागेल. फोनला काही विचारू नका."

"का बरं?"

"ती हेडमास्तरीण उद्या जाईल. आधीची परत येईल."

"आणि ती काय सांगेल?"

"घाबरू नका, घरी जा."

सासूबाईंनी कागदाची घडी केली. "मग सारखं बदलतात कशाला गं हे?" असं त्या म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न बघता बिट्टीची वेणी सोडायला लागल्या.

गुरुवारी सकाळी आठला दरवाज्याने चिमटीचं कार्ड वाचलं आणि तिला आत घेतलं. टेबलावर पहिली बारा खोकी लागली. तिच्याच हाताने लावलेल्या पट्ट्या. नखाने कोपरा उचलायचा, पात सरकवायची. 'आधी'च्या रकान्यात आज नवी होती आणि 'नंतर'च्या रकान्यात जुनी.

"आली जुनी परत, माहेरपण करून," रेडिओ म्हणाली. मग चिमटीचा चेहरा बघून तिने हळू विचारलं, "आज ना तुझी तारीख?"

"सासूबाई गेल्यात."

"मग चांगलं आहे की."

चिमटीने दरवाज्याकडे बघितलं. हॉलमध्ये घड्याळ एकच, दरवाज्यावर. दहा वाजले. आता त्या दुसऱ्या गाडीत असतील. साडेदहा. केसपेपरच्या रांगेत. अकरा. नंबर लागला असेल का? सरकारी इस्पितळातले अकरा म्हणजे कधी कधी दीड. सासूबाईंना बसवत नाही. बिट्टी कंटाळली असेल. इस्पितळाच्या बाकावर माणूस बसून बसून काय करतो? खिशातून फोन काढतो.

ते जुनं सॉफ्टवेअर घराघरांतल्या फोनवर केव्हा सोडणार होते, ते तिला माहीत नव्हतं. सकाळी? रात्री? सुटलंही असेल. आणि सुटलेल्याने उत्तर तरी तेच दिलं असेल का? कदाचित मधल्या तीन आठवड्यांत जुनीही काही शिकली असेल. तिच्या पुढ्यात बारा फोन होते आणि त्यातल्या सातांमध्ये जुनी आलेली होती. विचारायला एक मिनिट. एक लाल खूण आधीच होती.

अकरा वीसला तिने लिहिलं.

घाबरण्याचं कारण नाही.

शब्दाला शब्द तेच. ती काहीही शिकली नव्हती. चिमटीने पुसलं. पुसलं गेलं का, ते बघितलं. पुन्हा बघितलं. बंद केलेला फोन पुन्हा चालू करून बघितला. आणि पुढचं खोकं ओढलं. पात वाकडी गेली. पुठ्ठ्याचं झाकण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, कापड फाटतं तसं फाटलं.

रेडिओने आधी खोक्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. अकरा महिन्यांत चिमटीच्या हातून फाटलेलं हे पहिलं खोकं. रेडिओने ते उचललं, आपल्या टेबलाखालच्या फाटक्या पुठ्ठ्यांच्या टोपलीत टाकलं आणि आपल्या तक्त्यात एक वाढवून लिहिलं. "माझी रोज चार फाटतात," ती म्हणाली. "पाच झाली तर कोणाला नवल नाही."

मग बारा वाजले, एक वाजला, चार वाजले. इतर दिवशी खोक्यांचा आकडा वाढायचा तो चिमटीला कळायचा. त्या दिवशी कळला नाही.

आठला कार्ड हिरवं झालं. गेटवरच्या कपाटातून तिने फोन काढला. सासूबाईंचा निरोप होता, आवाजातला, कारण त्या लिहीत नसत.

"ऐक. पावणेतीनला नंबर लागला. मी फोनला काही विचारलं नाही. एकदा विचारणार होते. बिट्टी म्हणाली, आई नको म्हणालीय. डॉक्टरीणबाई चांगली आहे, तुझ्याएवढी असेल. तुझा कागद वाचला. व्हिडिओ तीन वेळा बघितला. माझ्या अंगठ्याला हसली नाही. म्हणाली, बरं झालं काढलात, नाहीतर अशा पोरांना लोक आळशी म्हणतात वर्षानुवर्षं. औषधाने थांबतं म्हणाली, बहुतेकांचं. पण आधी डोक्याची तपासणी करायची, तारा लावून. आदल्या रात्री पोरीला जागं ठेवायचं, आणि आईने बरोबर यायचं, माझं चालणार नाही म्हणाली. तारीख दिलीय. बारा दिवसांनी, मंगळवार. ही चुकवू नका म्हणाली."

चिमटी गेटबाहेर दिव्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. आठवड्याचे वार तिने बोटांवर मोजले. पक्की व्हायला सोळा दिवस होते. मंगळवार बारा दिवसांवर. मधे चार दिवसांचं अंतर. आणि बारा दिवसांत दीड लाख खोकी होणार नव्हती, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? एकीकडे तिला रडू येत होतं, कारण कोणीतरी एकदाचं म्हणालं होतं की हे आहे. दुसरीकडे ज्या दारातून ती आत्ता बाहेर पडली होती, ते अजून तिच्या पाठीला चिकटलेलंच होतं.

शुक्रवारी ती दहा मिनिटं लवकर आली. रेडिओच्या टेबलाखालच्या टोपलीत कालचं फाटलेलं खोकं होतं. त्याचं झाकण तिने काढून घेतलं. आतून पांढरं, जाड, दोन बोटं जोर लावला तरी न वाकणारं. टेबलावरच्या खुणेच्या पेनाने तिने त्यावर लिहिलं, 'येत्या मंगळवारनंतरच्या मंगळवारी मी कामावर येणार नाही. मुलीची तपासणी आहे.' खाली टेबल नंबर चौदा. आणि त्याखाली आपलं नाव, जे तिथे कोणी वापरत नव्हतं. विनंती हा शब्द तिने लिहिला नाही.

काचेच्या खोलीत साहेब एकटेच होते. त्यांनी झाकण हातात घेतलं, वाचलं, उलटून बघितलं.

"ताई, अजून सोळा दिवस."

"पंधरा राहिले, साहेब."

"तुमचं नाव माझ्या हातात नसतं. यादी वर जाते."

"माहीत आहे."

"मग?"

"मग काही नाही. तुम्हाला आधी कळावं म्हणून दिलं."

साहेबांचा हात सवयीने चालला. त्यांनी झाकण मधोमध धरून दाबलं. ते वाकलं नाही. पुन्हा दाबलं. उभं करून खिशाला लावून बघितलं, तर खिशाच्या वर वीतभर राहिलं. मग त्यांनी ते टेबलावर काचेला टेकवून उभं ठेवलं, अक्षरं हॉलच्या बाजूला.

घंटा झाली. चिमटी चौदा नंबरवर येऊन बसली. रेडिओने काचेकडे बघितलं, ओठ हलवत वाचलं, आणि पुढे वाकून सोळा नंबरवालीला काहीतरी सांगितलं. सोळाने सतराला. एकेक मान काचेकडे वळत गेली.

पहिली बारा खोकी आली. चिमटीने गरम हवेची फुंकर घातली, नखाने कोपरा उचलला, पात आत सरकवली. दरवाज्यावरच्या घड्याळात आठ वाजून चार मिनिटं झाली होती.